पडद्यावरचं गाणं गेलं, आता शोधायचं कुठं?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो असा: टीव्हीवरचे गाण्यांचे कार्यक्रम संपले, मग नवं स्वतंत्र संगीत शोधायचं कुठं आणि कसं? मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटी मजूर. कविता लिहितो. राग कोणता नि ताल कोणता हे मला विचारू नका. पण गाण्याशिवाय रात्रपाळी निघत नाही आणि चांगलं गाणं आपणहून दारात येत नाही, ते शोधावं लागतं. एवढ्याच अधिकारावर बोलतो.

आधी शब्द साफ करून घेऊ. स्वतंत्र संगीत म्हणजे काय? कॉलेजातली पोरं त्याला 'इंडी' म्हणतात आणि ते जणू त्यांच्याच कॉलेजच्या महोत्सवात जन्मलं अशा थाटात बोलतात. सरळ अर्थ एवढाच, की जे सिनेमासाठी केलेलं नाही, बड्या कंपनीनं सांगितलं म्हणून केलेलं नाही, ज्याचे शब्द आणि चाल करणाऱ्याच्या ताब्यात आहेत ते स्वतंत्र संगीत. ही व्याख्या धरली तर वामनदादा कर्डक कोण ठरतात? १९२२ साली जन्मलेला हा माणूस २००४ साली जाईपर्यंत गावोगाव फिरून स्वतःची गाणी स्वतः गात राहिला. याच्याहून स्वतंत्र कोण असतो? पण त्यांना कुणी 'इंडी' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. का, ते पुढे येईलच.

आता काय गेलं ते पाहू. २०२५ च्या ३१ डिसेंबरला एमटीव्हीनं इंग्लंडमधल्या आपल्या पाच गाण्यांच्या वाहिन्या एका दिवसात बंद केल्या. त्याच देशात बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा दर आठवड्याचा कार्यक्रम १९६४ पासून चालला आणि २००६ साली थांबला. आपल्याकडे १९९१ साली उपग्रहाच्या वाहिन्या आल्या. १९९४ साली चॅनल व्ही आणि १९९६ साली एमटीव्हीची भारतातली वाहिनी. २००३ साली एमटीव्हीवर 'रोडीज' आलं, मोटारसायकलींवरून फिरणाऱ्या पोरापोरींची भांडणं, आणि हळूहळू भांडणांनी गाण्यांची जागा खाल्ली. चॅनल व्हीनं २०१२ साली गाणी काढून तरुणांच्या मालिका लावल्या. पुढे ती वाहिनीच बंद झाली. २०१४ साली खास स्वतंत्र संगीतासाठी म्हणून एक वाहिनी निघाली, तिचं नाव 'पेप्सी एमटीव्ही इंडीज'. नावात शीतपेय पहिलं आणि स्वतंत्र शेवटी. तीही थोड्या वर्षांत गुंडाळली.

हे का झालं? कुणाला गाण्याचा कंटाळा आला म्हणून झालं नाही. गाणं तीन-चार मिनिटांचं. ते संपलं की माणूस रिमोट दाबतो. भांडण मात्र तासभर बांधून ठेवतं आणि जाहिरातवाल्याला तो तासच विकत हवा असतो. त्यात २००५ साली यूट्यूब आलं आणि गाण्याचं चित्र तिकडे गेलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि यूट्यूब हमालाच्याही हातात आलं. मग पडद्यावर गाणं लावण्यात धंदा उरला नाही. धंदा नाही तर गाणं नाही, हा त्यांचा साधा हिशेब.

कुणी म्हणेल, गेलं तर गेलं, आपलं काय गेलं? मी इतक्या झटक्यात म्हणणार नाही. त्या पडद्यात एक गुण होता. तो तुम्हांला विचारून गाणं लावत नव्हता. घरात एक टीव्ही, समोर आई, आजी, शेजारची पोरं, आणि मधेच असं काहीतरी लागायचं की जे कुणी मागितलेलं नसायचं. रब्बी शेरगिलचं 'बुल्ला की जाणां' असंच २००४-०५ च्या सुमाराला घराघरांत घुसलं. त्याच्यामागं ना सिनेमा होता, ना नट, ना नटी. अठराव्या शतकातल्या बुल्ले शाहाचे पंजाबी शब्द आणि एक गिटार. ज्याला पंजाबी येत नाही त्यानंही ऐकलं. एका माणसाचं गाणं अनोळखी घरात, जातीपातीची भिंत ओलांडून, न विचारता शिरू शकतं, ही त्या पडद्याची ताकद होती. ती आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तिचाच हिशेब मागायचा आहे.

पण त्या पडद्याच्या दारात पहारा होता, हेही तितकंच खरं. आणि पहारा काही टीव्हीनं सुरू केला नाही. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. पेटीला! ज्या पेटीवर आपला गायक उभ्या महाराष्ट्रात गात फिरला तिला. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नावाचे मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीतानं देश सुधारायचा होता, म्हणून सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देश तिकडे कान लावून बसला. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. म्हणजे ऐकणारा हटून बसला तर दिल्लीलाही वाकावं लागतं.

अमेरिकेतलं बघा. १ ऑगस्ट १९८१ ला तिथं एमटीव्ही सुरू झालं आणि पहिली दीड-दोन वर्षं त्यावर काळ्या गायकांची गाणी नावापुरतीच. रिक जेम्स हा काळा गायक जाहीर बोंबलला. १९८३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकानं एमटीव्हीच्याच मुलाखतीत, मुलाखत घेणाऱ्याला तोंडावर विचारलं की तुमच्याकडे काळी माणसं इतकी कमी का दिसतात? वाहिनीचं म्हणणं काय, तर आम्ही रॉक संगीत लावतो. म्हणजे रंगाचं नाव न घेता रंग पाळायचा. आपल्याला ही तऱ्हा नवी नाही. 'दर्जा', 'अभिरुची', 'शुद्धता' हे शब्द आपण जन्मापासून ऐकतोय. १९८३ सालीच मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'नं ते दार मोडलं. रॅपच्या खास कार्यक्रमासाठी मात्र त्या वाहिनीनं १९८८ उजाडू दिलं, तेव्हा 'यो! एमटीव्ही रॅप्स' आलं.

आता इथं थांबून आकडेमोड करा. रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ चा धरतात. डीजे कूल हर्क आणि त्याची बहीण सिंडी यांनी आपल्या इमारतीत पोरांची पार्टी ठेवली, ती तारीख. १९७३ ते १९८८, पंधरा वर्षं. पंधरा वर्षं हे संगीत त्या मोठ्या पडद्यावर स्वतःचा कार्यक्रम नसताना जगलं. पार्ट्यांच्या कॅसेटी हाताहातांतून फिरल्या, एकानं दुसऱ्याला उतरवून दिल्या, रस्त्यावर विकल्या गेल्या. पडदा आला तेव्हा पीक उभं होतं, तो फक्त कापणीला आला.

आपल्याकडे तर पडदा कापणीलाही आला नाही. नव्वदच्या दशकात 'इंडीपॉप' म्हणून जे नाचलं-गायलं ते आठवा. लकी अली आठवतील, अलिशा चिनॉय आठवतील, दलेर मेहंदी आठवतील. त्या पडद्यावर हलगी, संबळ, ढोलकी घेऊन उभा राहिलेला, आपल्या वस्तीचं नाव घेऊन गाणारा आपला माणूस आठवून सांगा. मी थांबतो, आठवा.

त्याच वर्षांत प्रल्हाद शिंदे कुठं वाजत होते? टपरीवर, जत्रेत, रिक्षात, लग्नाच्या मांडवात. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे बैलगाडीच्या वाटेनं गेले. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत त्या वाटेनं गेलं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या रस्त्यावर, नागपूरला दीक्षाभूमीच्या भोवती पुस्तकांशेजारी गाण्यांचे ढीग लागायचे. आमची आई तिथून पुस्तक एक आणि कॅसेट एक असं मोजून आणायची. लाउडस्पीकरवर वाजत असलेलं गाणं ऐकायचं, विकणाऱ्याला विचारायचं, कोण गातंय, कुठला, अजून काय आहे याचं? हे शोधणंच होतं. विकणारा माणूस होता, विचारणारा माणूस होता आणि मधे गाणं होतं.

आणखी एक वाट सांगतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात थोड्याच दिवसांत आपलं आयुष्य संपवलं. माझ्या वयाच्या पोरांनी घोगऱ्यांचा आवाज ऐकला कसा? टीव्हीनं ऐकवला नाही. आनंद पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये तो आवाज धरून ठेवला होता. पुढे चौदा वर्षं खपून त्यांनी २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला आणि तो वस्त्यावस्त्यांत पडदे लावून दाखवला. एकानं जपलं, दुसऱ्यानं पडदा बांधला, तिसऱ्यानं वस्तीला बोलावलं. एवढी माणसं मधे उभी राहिली म्हणून एक आवाज आपल्यापर्यंत पोचला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: गाणं शोधणं हे काम आहे. माणसांनी, मिळून करायचं काम. ते पूर्वी पडद्यावर सोपवून भागलं नाही, आणि आता ते फोनवर सोपवून भागणार नाही.

कारण आता फोनवाला म्हणतो, तू कशाला शोधतोस, मीच शोधून देतो. तो कसं शोधतो? त्याला ना सूर कळतो, ना शब्दाचा घाव. तो हिशेब ठेवतो. हे गाणं ज्यांनी ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, कितव्या सेकंदाला सोडून दिलं, पुन्हा लावलं का. तुमच्यासारखं ऐकणाऱ्या लाखो माणसांचा गठ्ठा बांधतो आणि त्या गठ्ठ्यातलं तुम्हांला देतो. जे आधीच खूप ऐकलं गेलंय ते आणखी पुढे जातं. जे कुणी ऐकलेलंच नाही त्याच्याबद्दल यंत्राकडे सांगायला फार थोडं असतं.

आता यात आपली मेख बघा. यंत्राला तुमची जात सांगायची गरज नाही. त्याला तुमच्या ऐकण्याचा शेजार माहीत आहे. भीमगीत ऐकणाऱ्याला ते भीमगीत देतं. दादर-पार्ल्याच्या ज्या पोरानं ते कधी ऐकलं नाही त्याला ते कधीच देणार नाही. आपलं गाणं आपल्यातच गोल फिरतं. गावाला गावकूस होतं, चाळीला गल्ली होती आणि फोनला हा गठ्ठा आहे. पडद्यावर आपल्याला जागा नव्हती. पण ज्याला होती त्याचं गाणं अनोळखी घरात शिरायचं, हे मघाशी सांगितलं. या फोनवर जागा सगळ्यांना आहे आणि अनोळखी घरात शिरायची वाट फार थोड्यांना आहे.

खोटं वाटत असेल तर गोदीतली गोष्ट ऐका. आमच्या टोळीत मराठवाड्यातला एक पोरगा आहे. एका रात्री बोट उशिरा लागली. क्रेन उभी, मुकादम पेंगलेला, आम्ही तेरा जण शेडमध्ये फोन घेऊन बसलेलो. त्याच्या फोनवर रॅप लागलं. ऊसतोडीच्या कोयत्याचं, मुकादमाच्या उचलीचं, आईच्या फाटक्या टाचांचं. मी म्हटलं, "कुणाचं रे हे?" तो फोन उलटा करून म्हणाला, "माझंच हाय, दादा." दोन वर्षं तो आमच्याबरोबर घाम गाळतोय आणि आम्हांला पत्ता नाही! गाणं टाकून आठ महिने झालेले, ऐकणारे तीनशेच्या आत. त्याच शेडमध्ये, त्याच्यापासून दहा फुटांवर बाकीचे फोन वाजत होते आणि यंत्रानं त्यातल्या एकालाही सांगितलं नाही की तुझ्या शेजारी हे बसलंय. पोरगा म्हणाला, "बंद करतो आता. माईक विकून टाकतो." मित्रहो, हा आजचा प्रश्न आहे. चार पैशांसाठी रात्र जागून माईक घेतलेली पोरं तो विकायच्या बेतात आहेत, कारण कुणी ऐकत नाही असं त्यांना आकड्यानं सांगितलंय.

बरं, पैशाचं काय? स्पॉटिफाय ही कंपनी भारतात २०१९ च्या फेब्रुवारीत आली. २०२४ पासून तिचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याची वाजणी हजाराच्या खाली त्याच्या ध्वनिमुद्रणाला दमडी नाही. आमच्या पोराचे तीनशे म्हणजे शून्य. आणि तुम्ही महिन्याचे पैसे भरलेत, महिनाभर फक्त त्याच पोराला ऐकलंत, तरी तुमचे पैसे सरळ त्याला जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका हंड्यात पडतात आणि एकूण वाजण्यात ज्याचा वाटा मोठा त्याला मोठा पळा मिळतो. २०२० साली याच कंपनीनं आणखी एक सोय काढली. गायकानं आपल्या मोबदल्यातला काही भाग सोडायचा, मग यंत्र त्याचं गाणं जास्त जणांपुढे सरकवणार. पूर्वी रेडिओवाल्याला पाकीट द्यायचे, आता मजुरीतूनच कापून घेतात.

कुणी म्हणेल, खूप ऐकलं गेलं की पैसे येतात. २०२१ सालचं तमिळ 'एन्जॉय एन्जामी' घ्या. अरिवूनं आपल्या आजीचं, चहाच्या मळ्यात राबलेल्या, जमीन नसलेल्या माणसांचं जिणं त्यात आणलं, धीनं ते त्याच्याबरोबर गायलं, कोट्यवधींनी ते पाहिलं. त्याच वर्षी एका बड्या संगीत मासिकानं मुखपृष्ठ काढलं, त्यावर धी होती आणि अरिवू नव्हता. केवढा गदारोळ झाला. आणि २०२४ साली संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं की त्या गाण्याचा एक पैसाही आम्हां कलावंतांना मिळालेला नाही. कोट्यवधी आकडा आणि हातात शून्य. तेव्हा आकड्याची पूजा आपण सोडली पाहिजे.

पडदाही अधूनमधून परत बोलावतो. नेझी या कुर्ल्याच्या पोरानं २०१४ साली आयपॅडवर चित्रण करून 'आफत' टाकलं. २०१९ साली 'गली बॉय' सिनेमा आला आणि त्याच वर्षी एमटीव्हीनं 'हसल' नावाची रॅपची स्पर्धा काढली. गल्लीत पीक उभं राहिल्यावर पुन्हा कापणी. तिथं जाणाऱ्या पोराला मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण स्पर्धा म्हणजे परीक्षक आला, गुण आले, रडकी कहाणी आली. स्पर्धा संपली की पोरगा पुन्हा रस्त्यावर आणि वाहिनी पुढच्या हंगामाला मोकळी.

मग करायचं काय? नुसती शिवीगाळ करून उठायचं असेल तर मी इथं आलो नसतो. कामं सांगतो.

पहिलं काम, नावं लिहा. फोन आपल्याला पावसाची गाणी, व्यायामाची गाणी, झोपेची गाणी देतो. त्यात माणसाचं नाव हरवतं. आपण नावानं शोधायचं, आणि एका नावावरून दुसऱ्यावर जायचं. मुंबईच्या 'स्वदेशी' या टोळीचं नाव घ्या. त्यांच्या २०१९ च्या आरे जंगलाच्या गाण्यावरून वारली गायक प्रकाश भोईर यांच्याकडे जाल. त्याच टोळीतून अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरकडे जाल. हा पोरगा आपलं नाव आकड्यात लिहितो, शंभराचा आकडा आणि पुढे आरबीएच, म्हणजे सौ-रभ. हे माहीत नसेल तर फोनवर जन्मभर शोधाल, सापडणार नाही. म्हणून म्हणतो, नाव कसं लिहितात तेही विचारून घ्या. 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' घ्या. पा. रंजित आणि टेनमा यांनी ६ जानेवारी २०१८ ला चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम केला. त्यातून अरिवू मिळेल, इसैवाणी मिळेल. इसैवाणी 'गाना' गाते. हे गाना म्हणजे उत्तर चेन्नईच्या, बंदराकडच्या कष्टकरी वस्त्यांचं गाणं. ते पुरुषांचंच मानलं जायचं, तिथं ही बाई उभी राहिली. मला तमिळचं एक अक्षर येत नाही, पण बंदराकडचा आवाज मला ओळखू येतो. जालंधरची गिन्नी माही आहे, कोरापूटचा सुमीत समोस आहे. एक वही करा. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, ढोलकी कुणी वाजवली, ध्वनिमुद्रण कुणी केलं. ज्यानं ढोलकी वाजवली त्यानं आणखी चौघांबरोबर वाजवलेली असते.

दुसरं काम, पाय हलवा. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण जातोच. तिथं मोठ्या स्टेजसमोर उभं राहून परत येऊ नका. कडेला, फुटपाथवर, चार पोरं एक डबा-स्पीकर घेऊन उभी असतात, तिथं थांबा. विचारा, कुठले रे तुम्ही?

तिसरं काम, एकत्र ऐका. आठवड्याची एक संध्याकाळ, विहाराची किंवा वाचनालयाची खोली, एक स्पीकर. प्रत्येकानं असं एक गाणं आणायचं जे बाकीच्यांनी ऐकलेलं नाही. निम्मी गाणी आपल्या गठ्ठ्याबाहेरची पाहिजेत, दुसऱ्या भाषेतली, दुसऱ्या वस्तीतली. आणि आपलं गाणं बाहेरच्या पाच जणांना ऐकवायचं, कामावरच्या, वर्गातल्या, ज्यांना यंत्र ते कधीच देणार नाही त्यांना. पडद्याचा जो गुण होता, अनोळखी घरात शिरायचा, तो आता आपल्या अंगी आणावा लागेल. आमच्या शेडमध्ये त्या रात्रीनंतर एवढंच केलं. पाळी सुरू होण्याआधी एक गाणं मोठ्यानं लावायचं, लावणाऱ्यानं गाणाऱ्याचं नाव सांगायचं. चार महिने झाले. मुकादमही आता विचारतो, आज कुणाचं? त्या पोराचा माईक अजून त्याच्याकडे आहे.

चौथं काम, खिशात हात घाला. आपण गरीब आहोत हे खरं, पण चहा-वड्याला देतो तेवढं गाण्याला देऊ शकतो. बँडकॅम्प नावाचं एक दुकान २००८ पासून फोनवर आहे. तिथं गाणं विकत घेतलं तर दुकान शंभरातले पंधरा ठेवतं आणि बाकीचे, देवघेवीचा खर्च वजा जाता, गाणाऱ्याला जातात. मार्च २०२० पासून ते काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटाही सोडतात. आणि जो ओळखीचा आहे त्याला सरळ यूपीआयनं वीस रुपये पाठवा. पाचशे जणांनी वीस-वीस पाठवले तर दहा हजार होतात. तीनशे वाजण्यांचं शून्य होतं, हे मघाशी सांगितलंच.

पाचवं काम, टीका करा. बाबासाहेबांचं नाव आलं म्हणून टाळी, निळा झेंडा दिसला म्हणून टाळी, असं करू नका. चाल सिनेमाची चोरलेली असेल तर तसं सांगा. गाण्यात बाईला खाली पाडलं असेल तर उभं राहून विचारा. जो पोरगा चांगलं लिहितो त्याला अजून चांगलं लिहायला लावा. आपल्या या पत्रिकेत कविता छापतात, लेख छापतात. दर अंकात एक पान नव्या गाण्यांना द्या, नावागावासकट, खऱ्या शब्दांत. यंत्राच्या हिशेबात जे नाही ते या कागदावर राहील.

सहावं काम लांब पल्ल्याचं. तेलंगणात झहिराबादजवळ माचनूर गावी दलित शेतमजूर बायांनी २००८ साली 'संगम रेडिओ' सुरू केला. सरकारनं २००६ साली संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी खुली केली होती, तिचा त्यांनी वापर केला. ज्यांना शाळा मिळाली नाही त्या बायांनी यंत्र हाताळलं, आपल्या गावाची गाणी, आपलं बियाणं, आपली भाषा हवेत सोडली. आपण तर शहरात राहतो, शिकलोय, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. आपल्याला काय अडलंय?

पडदा गेला याचं दुःख मला थोडं आहे, नाही असं नाही. पण त्याच्या दारात उभं राहून आत घ्या म्हणायची पाळी आता आपल्यावर नाही, आणि फोनसमोर तोंड उघडून बसायचीही नाही. पुढच्या बैठकीला प्रत्येकानं वहीत एक नाव लिहून आणा, जे इथं आज कुणालाच माहीत नाही. गाणंही आणा. स्पीकर मी आणतो.

जयभीम.